क्लोरीन मी होते

"बोटं वर!" वरच्या खोलीतून आवाज आला आणि माझ्या हातातली गाडीची किल्ली खाली पडली. आता यात दचकण्यासारखं काय होतं, सांगा? मे महिन्याची दुपार, दारव्ह्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून सुरभीमॅडमच्या शिकवणीच्या जिन्यात उभी, लेकीला घ्यायला आलेली. अकरावीत जाणाऱ्या पोरांची उन्हाळी बॅच सुटायची होती. "हायड्रोजनचं किती?" "एक!" "ऑक्सिजनची?" "दोन!" "नायट्रोजनची?" "तीन!" "कार्बनची?" "चार!" पोरं गळा फाडून ओरडत होती, आणि मला वाटलं, कोणीतरी न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरलंय आणि एकेक डबा उघडून वास घेऊन राहिलंय. कारण ती बोटं माझी होती. संयुजा म्हणजे किती बोटं मोकळी आहेत ते. बोटात बोट अडकलं की बंध झाला. एकही बोट मोकळं उरलं नाही की रेणू पुरा. हे कोणत्या पुस्तकात नाही. हे मी काढलं होतं, गॅसच्या ओट्यावर बसवलेल्या माझ्या पोरीसाठी, एका हाताने कणीक मळत. ते इथं कसं आलं? किल्ली उचलायची सोडून मी चार पायऱ्या चढले. खिडकीत कूलर बसवला होता, त्याच्या आणि चौकटीच्या मधल्या फटीतून आतलं दिसत होतं. वाळ्याचा गार वास येत होता आणि माझ्या मात्र कानशिलातून वाफा निघत होत्या.

"उमेरा, इकडे ये," सुरभी म्हणाली. "तू हायड्रोजन. मी क्लोरीन." माझी उमेरा उठली, ओढणी सावरत पुढे गेली, एक बोट वर केलं. सुरभीने आपलं बोट त्यात अडकवलं. "दोघींनी एकेक इलेक्ट्रॉन मधात ठेवला. आता तो हिचा का माझा?" "दोघींचा!" "मग बॉण्ड कोणता?" "कोव्हॅलंट!" "नाव सांगा." "हायड्रोजन क्लोराइड!" आणि मागून कोणती तरी टवळी ओरडली, "नाही मॅडम, उमेरा सुरभाइड!" सगळा वर्ग खदखदून हसला. सुरभी हसली. आणि उमेरा, माझी उमेरा, जी घरी हल्ली विचारल्याशिवाय बोलत नाही, ती मान मागे टाकून अशी हसली की तिची पडजीभ दिसली असेल. बोट तिने सोडवून घेतलं नव्हतं. ते तसंच अडकलेलं होतं.

क्लोरीन मी होते. हे कोणाला सांगणार? सांगितलं तर लोक म्हणतील, नाहिदमॅडमचं डोकं फिरलं. पण क्लोरीन मी होते आणि सोडिअम उमेरा होती. पाच-सहा वर्षांची असेल. ओट्यावर बसून टाचा आपटायची, मी शाळेतून आलेली, पेपर तपासायचे, भाकरी टाकायच्या, आणि ती सारखी "अम्मी, खेळ ना" करायची. मग मी म्हटलं, चल, तू सोडिअम, तुझं एक बोट. मी क्लोरीन, माझं एक. अडकव. काय झालं? मीठ झालं! ती बरणीतलं मीठ जिभेला लावून खात्री करायची. मग नावाचा खेळ. मी सांगितलं, नाव ठेवायचा नियम असा असतो बाई, की पहिलीचं नाव जसंच्या तसं राहतं आणि मागून येणारीचं शेपूट बदलतं. क्लोरीनचं क्लोराइड होतं, ऑक्सिजनचं ऑक्साइड. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग आपण उमेरा नाहिदाइड." मी हातातला तवा खाली ठेवून तिचे मुके घेतले होते. साजिद दुकानातून आले तर त्यांनाही सांगितलं. साजिद म्हणजे माझे मिस्टर, मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्यांचं. ते म्हणाले, "आन मी कुठी?" उमेरा म्हणाली, "अब्बू, तुमी हेलियम. तुमचं कोणासंग जमत नाही." पुढची कित्येक वर्षं ईदच्या भेटकार्डावर, माझ्या वाढदिवसाच्या चिठ्ठीवर ती सही तशीच करायची. कधी बंद झालं? आठवत नाही मला. अशा गोष्टी बंद होतात त्या दिवशी कोणी सांगत नाही.

शिकवणी लावली ती मीच, हा अजून एक जाळ. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, वीस वर्षं झाली असतील, लोक आपली पोरं माझ्या वर्गात यावी म्हणून हेडमास्तरांच्या मागे लागतात. आणि माझी स्वतःची पोरगी माझ्यासमोर समीकरण संतुलित करायला बसली की दहा मिनिटांत दोघींचे डोळे पाण्याने भरलेले. मी ओरडायचे, ती गप्प व्हायची. ती गप्प झाली की मी आणखी ओरडायचे. शेवटी साजिद म्हणाले, "तू मास्तरीण हायेस पण तिची अम्मीच जास्त हायेस. दुसरीकडं लाव." लावली. सुरभी नवीनच आली होती यवतमाळहून, एम.एस्सी. झालेली, बोलायला गोड, पोरांची नावं पहिल्याच दिवशी पाठ करणारी. मी स्वतः जाऊन तिला म्हटलं होतं, आमच्या पोरीला सांभाळा. चांगलं सांभाळलं की! महिन्याभरात उमेरा केस तिच्यासारखे कानामागे टाकायला लागली. संयुजेची व्हॅलन्सी झाली, बंधाचा बॉण्ड झाला. "बरोबर आहे की नाही?" असं सुरभी प्रत्येक वाक्यानंतर विचारते, ते उमेरा वरणाला फोडणी देताना विचारायला लागली. ताटात भेंडी पाहून नाक मुरडणारी पोरगी एक दिवस म्हणते, "मॅडमले भेंडी लय आवडते," आणि दोनदा वाढून घेते. मी वाढली. काय करणार?

बॅच सुटली. पोरं जिना दणाणत उतरली, आणि मागून सुरभी आली. "मॅडम, बरं झालं भेटल्या. मंग काय ठरलं?" ठरलं म्हणजे हे: जूनपासून सुरभी यवतमाळच्या एका ज्युनिअर कॉलेजात लागणार होती. तिची आई, विमलताई, तिथे मोठ्या घरात एकटी राहते. वरची एक खोली रिकामी आहे. उमेराने अकरावी-बारावी त्याच कॉलेजात करावी, त्यांच्याच घरी राहावं, सुरभी घरी शिकवेल. आठवडाभर हे माझ्या डोक्यात घोंगावत होतं. "आईले एका दुसऱ्या मुलीनं पण विचारलं हाये खोलीचं," सुरभी म्हणाली, "मी थांबवून ठेवलं तिले. तुमी उद्या संध्याकाळपर्यंत सांगून द्या. अशी पोरगी लाखात एक असते मॅडम." लाखात एक! मला सांगते! नऊ महिने पोटात कोणी वागवली? मी म्हटलं, "हो, सांगते." आणि हसले. एवढं खोटं मी वीस वर्षांत इन्स्पेक्शनलासुद्धा हसले नव्हते.

गाडीवर मागे उमेरा. तिचा हात माझ्या खांद्यावर, ऊन असं की डांबर मऊ झालेलं. मी विचारायचं नाही ठरवलं होतं आणि बसस्टँडपाशी येईपर्यंत विचारलंच, "ते बोटांचं तुह्या मॅडमले कोणं सांगतलं?" "मीनंच. मॅडम म्हणे, भल्ली मस्त आयडिया हाये, वर्गात वापरू का? मी म्हटलं, वापरा." "मले नाही विचारलं?" "बोटं कायची विचारायची अम्मी? सगळ्याईलेच असतात." खरंच होतं. मी गाडी जोरात पळवली. स्टँडच्या कोपऱ्यावर आता मोबाइलचं दुकान आहे, पण मला तिथून जाताना अजूनही तेजाबाचा आंबट, घसा खवखवणारा वास येतो. माझ्या अब्बूंचं दुकान होतं तिथे. युनूसभाई बॅटरीवाले. ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या रांगेत मांडलेल्या, तारा लावलेल्या, आणि अब्बूंच्या प्रत्येक सदऱ्याला चाळणीसारखी भोकं. मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासून ते मला हाताशी घ्यायचे. "पाण्यात तेजाब टाकायचं बेटा, तेजाबात पाणी नाही. उलटं केलं का थे तोंडावर येते." चिमटीने बॅटरीचं बूच उघडायचं, पाणी कुठवर आहे ते पाहायचं, हे माझं काम होतं. मग आठवीत देवीलाल सर आले, राठोडांच्या तांड्यावरचे, उंच, पांढरा शर्ट. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं आणि मी संध्याकाळी धावत दुकानात गेले. "अब्बू, याले तेजाब नाही म्हणत. हे सल्फ्युरिक आम्ल होय. देवीलाल सरानं सांगतलं." अब्बू हसले. म्हणाले, "अस्सं? आमी तं जिंदगीभर त्याले चुकीच्या नावानंच हाका मारून राह्यलो." त्यानंतर काहीही झालं की विचारायचे, "मंग, तुये देवीलाल सर काय म्हणतात?" मला वाटायचं, कौतुक आहे. मी आणखी आणखी सांगायचे. सरांनी हे सांगितलं, सरांनी ते सांगितलं. आणि बूच उघडायला त्यांनी मला बोलावणं बंद केलं. "तू अभ्यास कर," म्हणायचे. मी खूश होते हो! किती मूर्ख असतं माणूस लहानपणी.

सर एकदा दुकानात आले होते, मला पुढे यवतमाळच्या कॉलेजात पाठवा म्हणून सांगायला. अब्बूंनी त्यांना स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. स्वतः बसले नाहीत. पाठ करून उभे, आणि एका बॅटरीचं टर्मिनल पॉलिश पेपरने घासत राहिले. सर बोलत होते, पोरगी हुशार आहे, हिचं नाव होईल, आणि अब्बू घासत होते. शिसं चकाकायला लागलं तरी घासत होते. सर गेल्यावर मी टर्मिनलकडे पाहिलं, त्याचा घेर कमी झालेला. मी तेव्हा म्हटलं, अब्बू किती मन लावून काम करतात. आज, गाडी चालवत, माझ्या हँडलवरच्या मुठी किती आवळल्या आहेत हे दिसल्यावर, तीस वर्षांनी, मला त्या पॉलिश पेपरचा आवाज ऐकू आला. म्हणजे हेच होतं ते. गेलेल्या अब्बूंना मी काय विचारू आता?

घरी साजिद जेवायला आलेले. मी स्कार्फ सोडायच्या आधीच म्हटलं, "मी नाही पाठवत." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "काहून?" "परक्याच्या घरी पोरगी ठेवायची?" "विमलताई परक्या? मागच्या महिन्यात तूच यवतमाळहून त्याईच्या हातची पुरणपोळी आणली." "खाण्यापिण्याचं कसं?" "तिकडं आपल्या मोहल्ल्यात तुयी मामेबहीण हाये. रविवारी बिर्याणी खाऊन येईल." "नमाजचं?" "नाहिद, तिले तू सकाळच्या नमाजले घरी तरी उठवते का? झोपू दे म्हणते." उमेरा आतल्या खोलीत होती, पण कूलर बंद केलेला होता. ती ऐकत होती हे मला कळत होतं. साजिद हात धुऊन उठले आणि हळूच म्हणाले, "तुले तिची काळजी नाही वाटून राह्यली. तुले आग लागली हाये." नवऱ्याने असं बोलावं? मी भांडी अशी आपटली की शेजारची रुक्माबाई कंपाउंडवरून डोकावली. "काय झालं वो मॅडम?" "काही नाही, ताट निसटलं," मी म्हटलं. पण लागली होती. पोटापासून टाळूपर्यंत लागली होती. सुरभीचं ते बोट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. नखाला फिकट गुलाबी रंग, आणि त्यात अडकलेलं माझ्या पोरीचं बोट, शाईचा डाग असलेलं.

ऊन उतरल्यावर मी ठरवलं, पाहू तर खरं, काय दिवे लावले आहेत त्या बाईने. उमेराला हाक मारली. "बस इथं. परीक्षा घेते तुयी." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण बसली. आणि मी काय इच्छा धरून बसले होते, सांगू? पोरीने चुकावं. आई असून, मास्तरीण असून, मी मनात म्हणत होते, चूक, एकदा चूक. कॅल्शिअम आणि ऑक्सिजन? तिने दोन-दोन लिहून लगेच दोन्ही छाटले. कॅल्शिअम ऑक्साइड. लोहाचं क्लोराइड, तीन क्लोरीनवालं? "आयर्न थ्री क्लोराइड. जुनं नाव फेरिक." फॉस्फरसचं ऑक्साइड, दोन आणि पाच? "डायफॉस्फरस पेंटॉक्साइड." सल्फेट आणि सल्फाइट यांत माझे दहावीचे निम्मे वर्ग पडतात, ती पडली नाही. भरभर लिहीत होती, केस कानामागे टाकत होती, त्या बाईसारखे. माझं तोंड कडू झालं. "बंध काढून दाखव," मी म्हटलं. "पाणी." बरोबर. "अमोनिया." तीन रेघा, वर दोन टिंबं, बरोबर. "मीठ काढ." तिने एन-ए लिहिलं, सी-एल लिहिलं, आणि दोघांच्या मधात सरळ एक रेघ ओढली. जशी पाण्यात ओढली होती तशी.

मी अक्षरशः टाळी वाजवली. "हे! हे शिकवलं का तुह्या मॅडमनं? एम.एस्सी. म्हणे! मिठात रेघ? मिठात इलेक्ट्रॉन वाटून घेतात का? अगं, नववीतलं पोरगं नाही चुकत हे! आन या बाईच्या घरी मी पोरगी पाठवू?" मला किती आनंद झाला होता! मी त्या रेघेवर बोट ठेवून राहिले, चोर सापडला म्हणून दाबून धरावं तसं. उमेराने दप्तरातून शिकवणीचे चाचणीचे कागद काढले आणि माझ्यापुढे सारले. एकावर मीठ, मधात रेघ, त्यावर लाल फुली, बाजूला सुरभीच्या अक्षरात, "उमेरा, हा आयॉनिक आहे!" दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच, आणि खाली वैतागून, "परत तेच? का गं?"

"मॅडमनं तं दहा खेपा सांगतलं," उमेरा म्हणाली. ती खाली पाहत होती. "मले येते थे. एक देते, एक घेते, रेघ नसते. समजते मले. पण मीठ म्हटलं का हात आपसूक जाते. हे मॅडमनं नाही शिकवलं, अम्मी. हे तूच शिकवलं. ओट्यावर." मग जरा थांबून म्हणाली, "तू सोडायचीच नाही न बोट. भाकर जळली तरी."

कूलर घरघरत होता. बाहेर साजिदची गाडी आल्याचा आवाज झाला आणि बंद झाला. मी त्या तीन फुल्यांकडे पाहत राहिले. एवढी हुशार बाई, एवढी लाल शाई, आणि माझी एक चूक काही तिच्याने पुसली गेली नव्हती. मी जिंकले होते. खरंच सांगते, आधी मला एवढंच वाटलं, की मी जिंकले. मला उठून नाचावंसं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग ती रेघ मला खुपायला लागली. कारण वीस वर्षं मी मास्तरीण आहे. चुकीची रेघ समोर दिसत असताना ती तशी ठेवायची हे माझ्याने होत नाही. आणि ही रेघ तिला कोणी पुसून देऊ शकत असेल तर ती मीच. सुरभीच्या बापाच्याने नाही होणार. मला वाटलं, राहू द्यावी. काय बिघडतं? एक मार्क जाईल. जन्मभर जिथे मीठ येईल तिथे पोरगी चुकेल, आणि चुकेल तेव्हा तिथे मी असेन. अब्बूंनाही हे सुचलं असेल का, टर्मिनल घासता घासता? पण सर येऊन गेल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला लुनावर मागे बसवून यवतमाळला नेलं होतं. चाळीस किलोमीटर एक शब्द बोलले नाहीत. कॉलेजच्या फाटकाशी माझी पेटी उतरवून दिली आणि म्हणाले, "जाय." एवढंच.

"खोडरबर दे," मी म्हटलं. तिने दिलं. मी ती रेघ खोडली. कागद जरा फाटला. "हे पाह्य," मी म्हटलं, आणि माझा आवाज वर्गातल्यासारखा निघेना. "मिठात कोणी कोणाचं बोट धरत नाही. मी चुकीचं शिकवलं. तू लहान होती, मले सोपं पडलं, म्हणून. सोडिअमजवळ एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असते. तो त्याले देऊनच टाका लागते. वाटून नाही. पुरा द्यायचा. दिल्यावर याच्यावर धन, त्याच्यावर ऋण." मी एन-एच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह काढलं, सी-एलच्या डोक्यावर उणेचं. मधात मोकळी जागा ठेवली. उमेरा त्या जागेकडे पाहत होती. "मंग रेघ नाही तं थे जवळ कायले राह्यतात?" तिने विचारलं. हे तिला येत होतं. तरी विचारलं. "ओढ असते," मी म्हटलं. "प्रभाराची." "पाण्यात टाकलं का जातात पण." "जातात," मी म्हटलं. "जाऊ दे. तू काढून दाखव आता." तिने काढलं. रेघ नव्हती. पुन्हा काढायला लावलं. नव्हती. तिसऱ्यांदा काढताना तिची पेन्सिल मधात जरा थांबली, मी श्वास धरला, आणि पेन्सिल पुढे गेली.

साजिद दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "फोन लाव तुह्या मॅडमले," मी उमेराला म्हटलं. "सांग, खोली दुसऱ्या कोणाले देऊ नका म्हणा." ती पटकन उठलीच नाही. माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मीठ जिभेला लावून बघायची तशी, खरं की खोटं. मग फोन घेऊन धावली, आणि आतून तिचं ते हसू ऐकू आलं, पडजीभ दिसणारं, आणि मला पुन्हा जशीच्या तशी आग लागली. "आन हेही सांग," मी ओरडले, "मिठाचं मी दुरुस्त केलं म्हणा. तिच्याच्यानं झालं नव्हतं!"